मावशीच्या घरचा फोन

शुक्रवारी दुपारी स्वयंपाक उरकला की मी धुतलेली साडी नेसायचे, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घालायचे आणि शेजारच्या घरी जाऊन फोनसमोरच्या खुर्चीवर बसायचे. फोन माझ्यासाठी यायचा. उचलायची मात्र शेजारीण.

माझी मुलगी दूर दक्षिणेला एलातला, समुद्रकाठच्या एका हॉटेलात कामाला होती. शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, संध्याकाळी लागायच्या आधी आणि तिची कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी ती फोन करायची. डिमोनातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात तो एकच फोन होता. बाकीचे अर्ज करून वर्षानुवर्षं वाट बघत होते. शेजारणीला नवऱ्याच्या आजारपणामुळे लवकर मिळाला होता. पुढे नवरा गेला, फोन राहिला. माझी मुलगी तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही इथे मावशीच म्हणते. माझ्याहून वयाने मोठी, अलिबागेकडची, आवाजाने मऊ. म्हणजे मऊ आहे असं लोक म्हणायचे. मला तो ऐकू येत नव्हता.

फोन वाजला की मावशी उठायची, त्यावरून मला कळायचं की वाजला. एरवी मावशी समोर बसून काहीही बोलली तरी मला समजायचं, कारण मराठी मी ओठांवरून वाचत होते. पण फोनचा तो काळा जड रिसीव्हर तिच्या तोंडावर आला की ओठ झाकले जायचे आणि उरायचे नुसते डोळे. ते डोळे माझ्यावरून फिरायचे. अंबाड्यापासून साडीच्या काठापर्यंत, काठापासून चपलांपर्यंत. मग पुन्हा वर. मला भारी राग यायचा. माझ्याच मुलीशी बोलायचं आणि वर माझ्याकडे असं बघायचं, जसं काही मी बाजारात मांडलेला दुधी भोपळा आहे.

फोन ठेवून ती म्हणायची, "बरी हाय म्हणते. काम चालू हाय. विशेष काय नाय."

"मग एवढा वेळ काय चाललं होतं?"

"तेच गो," ती म्हणायची आणि चहा टाकायला आत जायची.

मी घरी येऊन मेणबत्त्या लावायचे, वाइनच्या जागी काळ्या मनुकांचं सरबत एका पेल्यात ओतायचे, प्रार्थना पुटपुटायचे आणि एकटीच जेवायला बसायचे. खाली रस्त्यावर बस बंद, दुकानं बंद. माझ्या कानांना त्याचा काही फरक पडत नव्हता. मला सगळेच दिवस शब्बाथचे.

हे कान कसे गेले ते सांगायला हवं, कारण ते गेले तेव्हा कुणाला कळलंच नाही, मलाही नाही. आम्ही कोकणातले ज्यू. मुंबईहून या देशात आलो तेव्हा डिमोनात रस्ते आखलेले होते, झाडं यायची होती. मुलगी कडेवर होती. नवरा मृत समुद्रावरच्या खनिजांच्या कारखान्यात लागला आणि मी कापड गिरणीत, मागाच्या खात्यात. तिथे मागांवर सूत घेऊन पळणारे धोटे असे आपटायचे की आवाज आधी पायांतून वर यायचा आणि मग कानांत. जमिनीवरचा कापसाचा पिंजलेला कचरा उचलून आम्ही कानांत कोंबायचो. मुकादम हसायचा.

त्या खात्यात कुणी आवाजाने बोलत नसे. बोलून उपयोगच नव्हता. आमच्या कोकणच्या बायका तिथे बऱ्याच होत्या, आणि आम्ही ओठांनी बोलायला शिकलो. दोन माग सोडून पलीकडे उभी असलेली बाई तोंड नीट उघडून-मिटून सांगायची आणि मला सासूची निंदा, कोंबडीचा भाव, कुणाच्या पोरीला कुठून मागणी आली, सगळं समजायचं. दिवसभर आम्ही गप्पा छाटायचो आणि त्यातलं एक अक्षर कुणी ऐकत नव्हतं. घरी नवराही मराठीच बोलायचा. जेवताना समोर बसायचा. त्याचं तोंड मला पाठ होतं. घास तोंडात असला तरी तो काय म्हणतो ते मला कळायचं. मी मोठ्याने बोलायचे, पण गिरणीतल्या सगळ्याच बायका मोठ्याने बोलायच्या. तेव्हा कान गेल्याचं कळणार कसं?

मुलगी शाळेत असताना नवरा गेला. कामावरच छातीत कळ आली आणि संपला. त्यानंतर घरात बोलणारं एकच तोंड राहिलं आणि ते हिब्रू बोलत होतं.

आमच्यातल्या सगळ्याच घरांत हे चालायचं. आईने मराठीत विचारायचं, पोरांनी हिब्रूत उत्तर द्यायचं. पण हिब्रू निम्मं घशात बोलतात. घशातलं मला कुठून दिसणार? मुलगी नळाखाली भांडी धुता धुता पाठमोरी बोलायची, दप्तरात डोकं घालून बोलायची. मी म्हणायचे, "माझ्याकडे बघून बोल." ती वळायची, पुन्हा सांगायची, मी पुन्हा विचारायचे, आणि मग ती हात झटकून म्हणायची, "लो खाशूव." म्हणजे जाऊ दे, महत्त्वाचं नाही. ते दोन शब्द मात्र मी रस्त्याच्या पलीकडूनही ओळखायला लागले होते. किती गोष्टी त्या दोन शब्दांत गेल्या देव जाणे.

बाहेरच्यांनी तर केव्हाच ठरवून टाकलं होतं की या हिंदुस्थानी बाईला हिब्रू येत नाही. दुकानदार बोटं दाखवून पैसे सांगायचा, बसचा ड्रायव्हर मान हलवून सोडून द्यायचा. मलाही तेच वाटायचं. आमच्यातल्या निम्म्या बायकांना हिब्रू येत नव्हतं, आणि त्यांचे कान चांगले ठणठणीत होते. मी त्यांच्यातलीच एक म्हणून खपून गेले. मराठी कळतं, हिब्रू कळत नाही, म्हणजे दोष भाषेचा; असा साधा हिशेब मी माझ्या मनात मांडला होता, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरनेही तोच मांडला. मी कानात सारखी शिट्टी वाजते म्हणून त्याच्याकडे गेले होते. तो स्वतः रुमानियाहून आलेला. त्याने मला काहीतरी विचारलं, मी बघत राहिले. पुन्हा विचारलं, पुन्हा बघत राहिले. त्याने आमच्यातल्या नर्सला बोलावलं आणि तिने मला मराठीत सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, तुम्ही आधी हिब्रूच्या वर्गाला जा."

कान दाखवायला गेले आणि शाळेत नाव घालून परत आले. रस्ताभर मी त्या डॉक्टरला मराठीत मनसोक्त शिव्या घातल्या.

पण गेले. मुलगी तेव्हा लष्करात होती, इथे मुलींनाही सक्तीने जावं लागतं; मग संध्याकाळी घरी बसून करायचं काय? वर्गात रशियाहून नवीन आलेली माणसं जास्त. शिकवायला लष्करातलीच एक पोरगी होती, माझ्या मुलीच्या वयाची, गणवेशातच यायची. फळ्यावरचं मी सगळं उतरवून घ्यायचे आणि माझं अक्षर बघून ती खूश व्हायची. तिने पाठ फिरवून काही विचारलं की मी दगडासारखी बसायचे. एका संध्याकाळी ती शिकवता शिकवता माझ्या मागे गेली. अचानक वर्गातली सगळी माणसं दचकून माझ्या दिशेने वळली. मला वाटलं माझ्या पदराला काही लागलंय. मी पदर बघितला, मग मागे बघितलं, तर ती पोरगी माझ्या डोक्यामागे दोन्ही हात जुळवून उभी होती. टाळी वाजवली होती तिने. तिचा चेहरा एवढा उतरला होता की मलाच तिची दया आली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर दवाखान्यात आली आणि डॉक्टरशी भांडली. काय बोलली ते मला समजलं नाही, पण भांडण समजायला कान लागत नाहीत. बेर्शेबा शहरातल्या कानाच्या तज्ज्ञाकडे माझं नाव गेलं आणि वाट बघणं सुरू झालं. तोवर मुलगी लष्करातून सुटली, थोडे दिवस घरी राहिली, आणि एलातच्या नोकरीवर निघून गेली. मी बहिरी आहे हे तिला मी सांगितलं तेव्हा तिने डोळे मोठे केले आणि काहीतरी खूप भरभर बोलली. मी म्हटलं, "काय?" तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, "लो खाशूव."

पत्रं का नाही, असं कुणी विचारेल. मुलीला मराठी लिहिता येत नव्हतं. मी वर्गात हिब्रू अक्षरं शिकले ती छापील. हाताने लिहायची अक्षरं अगदी वेगळी. तिने पाठवलेल्या समुद्राच्या चित्रांच्या मागे चार ओळी असायच्या, त्या मी इकडून तिकडून फिरवून बघायचे आणि आरशाच्या कडेला खोचून ठेवायचे. एलातची बस वाळवंटातून तासन् तास जाते, आणि सणासुदीला तर हॉटेलात सुट्टीच नाही. तेव्हा शुक्रवारचा फोन, एवढंच आमचं नातं शिल्लक होतं, आणि तेही मावशीच्या कानातून. मला दुसरं काही नको होतं. प्रार्थना, रेडिओ, शेजारपाजारच्या गप्पा, सगळं खड्ड्यात जाऊ दे. मला तो फोन स्वतः उचलायचा होता.

मावशीने एकदा कपाटातून तिच्या नवऱ्याचं यंत्र काढून दिलं. सिगारेटच्या पाकिटाएवढी डबी, ती छातीशी अडकवायची, तिच्यातून वायर निघून कानातल्या गोळ्याला. "वापरून बघ, पडूनच हाय," ती म्हणाली. गोळा तिच्या नवऱ्याच्या कानाच्या मापाचा. माझ्या कानात तो डगडग हलायचा. तरी मी हौसेने ते लावून शनिवारी प्रार्थनास्थळात गेले, शब्बाथला बटण दाबायचं नाही म्हणून आदल्या संध्याकाळीच चालू करून ठेवलेलं. सगळे उभे राहून मनातल्या मनात प्रार्थना करत होते. मीही पुस्तकात बघत होते. मान वर केली तर पुरुषांकडची टोप्या घातलेली सगळी डोकी बायकांच्या बाजूला वळलेली. मावशीने माझ्या छातीवर हात दाबला. ती डबी शिट्टी मारत होती, किटली मारते तशी, आणि सगळ्या प्रार्थनास्थळात ती फक्त मलाच ऐकू येत नव्हती.

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले. मग घरी जाऊन रडले. त्यानंतर बरेच शनिवार मी तिकडे फिरकले नाही, आणि का येत नाहीस म्हणून विचारायला मावशीशिवाय कुणी आलं नाही.

अखेर बेर्शेबाचं बोलावणं आलं. मावशी माझ्याबरोबर आली. एका छोट्या बंद खोलीत मला बसवलं, कानांवर जाड झाकणं लावली. काचेपलीकडे तपासणारी बाई. आधी नुसते सूर वाजवायचे आणि ऐकू आला की मी बटण दाबायचं, ते जमलं. मग तिने तोंडापुढे कागद धरला, ओठ दिसू नयेत म्हणून, आणि हिब्रू शब्द म्हणायला लागली. ते मी पुन्हा म्हणायचे होते. मला काही सुधरेना. ओळखीचा शब्द असला तर कान अर्धा ऐकून उरलेला भरून काढतो. जो शब्द कधी कानांनी शिकलोच नाही तो कशाने भरायचा? ती बाई बाहेर आली आणि मावशीला हातवारे करून सांगू लागली की हे असं चालणार नाही, हिच्या भाषेतले शब्द पाहिजेत, आणि त्या भाषेतले शब्द आमच्याकडे नाहीत.

मावशीला हिब्रू येत नव्हतं, पण अडचण तिला बरोबर समजली. तिने त्या बाईच्या हातातला कागद घेतला, काचेपलीकडे जाऊन मायक्रोफोनसमोरच्या खुर्चीत बसली, कागद स्वतःच्या तोंडापुढे धरला आणि बोलायला लागली.

"नारळ," माझ्या कानात आलं.

मी इतकी दचकले की "नारळ" म्हणायचंच विसरले. ती थांबली. मी म्हटलं, "नारळ." ती पुढे गेली. विळी. पाटा. गूळ. चूल. बोंबील. पडवी. रहाट. ती तिच्या माहेरच्या घरात शिरून एकेक वस्तू उचलून मला दाखवत होती. काही शब्द पुरे यायचे, काहींची नुसती शेपटी यायची, काही अजिबात नाही. पण आवाज येत होता. कागदामागून, ओठांशिवाय, थेट कानात. कितीतरी वर्षांत मला पहिल्यांदा कळलं की मावशीचा आवाज खरंच मऊ आहे. ती तपासणारी बाई तिकडे भराभर टिपून घेत होती, आणि इकडे माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

म्हणजे येत होतं ऐकू. फक्त कुणीतरी आवाज मोठा करून कानापर्यंत आणून द्यायला हवा होता. आणि तो आणून देणाऱ्या यंत्राची किंमत मावशीने जिन्यात बसून मला ओठांनी सांगितली तेव्हा मी म्हटलं, "पुन्हा सांग." तिने पुन्हा सांगितलं. मी बरोबरच वाचलं होतं.

आमचा पगार लिरांत आणि यंत्र परदेशातून येणारं, डॉलरात. मी पैसे बाजूला टाकायचे आणि दुकानात चौकशीला जायचे, तोवर किंमत पुढे गेलेली असायची. लिरा जाऊन शेकेल हे नवं चलन आलं, तरी तेच. बस चुकल्यावर तिच्या मागे धावावं तसं चाललं होतं. आजारपणाच्या विमा फंडाने सांगितलं की कान कामामुळे गेले असं ठरलं तर मोठा वाटा आम्ही देऊ, नाहीतर अगदी थोडा. दवाखान्यातल्या त्या नर्सला घेऊन मी गिरणीच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबाने नर्सतर्फे मला समजावलं की त्याच खात्यात इतक्या बायका इतकी वर्षं काम करतात, त्या सगळ्या एकमेकींशी दिवसभर बोलतात, त्यांना कसं ऐकू येतं? मी म्हटलं, "त्या ऐकत नाहीत साहेब, त्या बघतात." नर्सने ते हिब्रूत सांगितलं की नाही कोण जाणे. साहेब हसला. खात्यातल्या बायकांना म्हटलं, तुम्हीही कान तपासून घ्या, माझ्याबरोबर चला. एकेकीने मान खाली घातली. बहिरी ठरली तर माग जाईल, ही भीती. मान खाली घातली की ओठही दिसत नाहीत. बोलणं तिथेच संपलं.

माझ्याकडे एकच रक्कम होती आणि तिला मी हात लावत नव्हते. ते मुंबईचं तिकीट होतं. माझी थोरली बहीण अजून तिकडेच होती. नवरा होता तेव्हापासून आम्ही त्यासाठी जमवत होतो, आणि ते पैसे मोडू नयेत म्हणून मी त्यांच्या सोन्याच्या लहानशा बांगड्या करून ठेवल्या होत्या. मला मुंबई कशासाठी हवी होती ते आता सांगायला लाज वाटत नाही. तिथे मला यंत्र लागलंच नसतं. तिथे भाजीवाली, बसचा कंडक्टर, शेजारीण, रस्त्यात भांडणारी अनोळखी माणसं, सगळ्यांचे ओठ मराठी. मी नुसती रस्त्याच्या कडेला उभी राहून सगळं शहर वाचून काढलं असतं. रात्री झोप येत नसली की मी तेच मनात बघत पडायचे.

बेर्शेबाहून आल्यापासून मात्र त्या चित्रात मजा राहिली नाही. डोळे मिटले की मुंबईच्या जागी तो काळा रिसीव्हर दिसायचा. बहिणीला लिहिलं की या वर्षी जमत नाही. पुढच्या वर्षीही जमणार नव्हतं, ते लिहिलं नाही. बांगड्या विकल्या.

यंत्र बसवलं त्या दिवशी सगळ्यात आधी मला माझी साडी ऐकू आली. उठले तर सळसळ झाली, म्हणून मी मागे वळून बघितलं. बसमध्ये एवढा खडखडाट की कान फुटतील असं वाटलं. घरी आले तर फ्रिज गुरगुरत होता. हा प्राणी इतकी वर्षं माझ्या घरात राहत होता आणि मला पत्ता नाही. आणि मग मी मावशीला हाक मारली. जिन्यात कुणीतरी बाई केवढ्याने तरी ओरडली. मी घाबरून इकडेतिकडे बघितलं. ती मीच होते. इतकी वर्षं मी लोकांशी या आवाजात बोलत होते, मुलीशीसुद्धा. त्या दिवसापासून माझा आवाज आपोआप खाली आला. मावशी म्हणाली, "आजारी बिजारी हायस काय गो? हळू बोलायला लागलीस ती?"

मुलीला यातलं काही कळवलं नव्हतं. तिला चकित करायचं होतं. शुक्रवारी मी नेहमीची निळी सोडून हिरवी साडी नेसले, अंबाडा घातला, यंत्राच्या वरून केस सारखे केले. हिब्रूच्या वर्गात शिकलेली वाक्यं दिवसभर घोकून ठेवली होती. कशी आहेस. मी बरी आहे. मी तुला ऐकते आहे. मावशीला सांगितलं की आज तू उठायचं नाहीस. ती म्हणाली, "मी बापडी रस्सा ढवळते," आणि आत निघून गेली. मी माझ्या नेहमीच्या खुर्चीत न बसता फोनजवळ तिच्या जागेवर बसले.

तो वाजला. वाजतो कसा ते मला पहिल्यांदा कळलं. दुकानदाराने शिकवल्याप्रमाणे यंत्राचं बटण फोनसाठीच्या खुणेवर सरकवलं, रिसीव्हर कानामागे तिरका धरला आणि म्हटलं, "हॅलो."

खरखर झाली. मग त्या खरखरीतून एक आवाज आला.

"मावशे, मी गो."

मराठी. माझ्या मुलीच्या तोंडून मराठी. माझी घोकलेली वाक्यं कुठच्या कुठे गेली. मला आधी वाटलं दुसऱ्याच कुणाचा फोन आहे. मग लक्षात आलं, मावशीला हिब्रू येत नाही, तेव्हा इतके शुक्रवार ही पोरगी दुसरं काय बोलणार होती? ती मराठी मावशीची होती, अलिबागेची, आणि मध्ये मध्ये एखादा शब्द अगदी माझ्यासारखा यायचा.

"आई आली? बसलीय काय समोर?"

मीच आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं. म्हटलं भलतंच. "बसलीय."

"आज काय नेसलीय?"

मी खाली बघितलं. "हिरवी. बारीक काठांची."

"ती कशी काय काढली? निळी फाटली काय?"

"धुवायला टाकलीय," मी म्हटलं.

"आणि अंबाडा? घट्ट हाय ना? डोकं दुखत असलं की सैल घालते ती. सांगत नाय कुणाला."

"घट्ट हाय."

"जेवते ना गो? तू त्या दिवशी म्हणालीस गाल बसलेत."

स्वयंपाकघराच्या दारात मावशीची पाठ दिसत होती. ढवळायचं थांबलं होतं. त्या पाठीकडे बघताना मला इतक्या शुक्रवारचे तिचे डोळे आठवले, अंबाड्यापासून चपलांपर्यंत फिरणारे. मला वाटायचं ती मला जोखते. ती मला माझ्या मुलीला दाखवत होती.

"मावशे, ऐकतेस ना? मी हे विचारते ते तिला सांगू नको हां. नायतर ओरडेल. म्हणेल, एवढं वाटतं तर येऊन बघ."

अगदी हेच म्हटलं असतं मी. याच शब्दांत.

"तिच्याशी मला बोलताच येत नाय गो," ती म्हणाली. आवाज जरा जाड झाला होता. "सगळं ओरडून बोलायला लागतं. आई, तुझी आठवण येते, हे काय ओरडून बोलायचं असतं? मग मी लो खाशूव म्हणते नि गप्प बसते."

मी रिसीव्हर कानाशी आणखी दाबला. जास्त बोलले असते तर तिने ओळखलं असतं, आणि ओळखलं असतं तर ती लगेच हिब्रूत गेली असती. मला अजून थोडं ऐकायचं होतं.

"मावशे, एक कर ना. आपल्या मनानेच विचारल्यासारखं विचार तिला. तिला येते काय माझी आठवण?"

"थांब, विचारते," मी म्हटलं.

मी रिसीव्हरवर हात झाकून धरला. समोर माझी खुर्ची रिकामी होती. मी त्या खुर्चीकडे बघितलं. मग हात काढला.

"रोज येते म्हणते," मी सांगितलं.